बाबांची मोहीम आणि लेकीचा गुडघा

'ताई, दोन दिवसांची सुट्टी साधून बायको, १३ वर्षांचा मुलगा आणि ८ वर्षांची मुलगी यांना घेऊन डोंगरावर गेलो. महिनाभर तयारी केली होती. पहिल्या रात्री तंबूत पाणी शिरलं. चौघं गाडीत दाटीवाटीने पडलो, मुलांच्या खिदळण्यात झोप कसली लागतेय! सकाळी चढाई. वाट ५ किलोमीटर, चढ ६०० मीटर. दोन तासांत माथा गाठायचा होता, मुलीमुळे साडेतीन लागले. वर दहाच मिनिटं मिळाली. उतरताना ती घसरली, गुडघा फुटला, मी ओरडलो. तीन तासांच्या परतीच्या प्रवासात कुणी बोललं नाही. आता भरपाई म्हणून पुढच्या महिन्यात तीन दिवसांचा, रॅपलिंगसकट (दोरावरून कडा उतरणं) बेत आखलाय. मुलगी म्हणते, "मी नाही येणार." बायको तिच्याच बाजूची. मुलगा मित्रांना गाडीतल्या रात्रीचे किस्से सांगत सुटलाय, माथ्याबद्दल चकार शब्द नाही. सगळ्यांना तयार कसं करू?
– एक हिरमुसलेले बाबा'

हिरमुसलेले बाबा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कणव वाटली. महिनाभर खपायचं आणि वर 'पुन्हा नको' ऐकायचं, हे लागतंच मनाला.

आधी एक कबूल करते, तुमचा हिशोब चुकला नव्हता. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला आणि डोंगरात जाणारे तो आजही वापरतात. ताशी साधारण ५ किलोमीटर चाल धरायची आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवायचा. तुमच्या वाटेला लावून पाहा, बरोब्बर दोन तास येतात. फक्त हा ठोकताळा धडधाकट मोठ्या माणसाचा आहे, तोही न थांबता चालणाऱ्याचा. त्यात दम खाणं धरलेलं नाही, बुटाची सुटलेली नाडी नाही, वाटेत दिसलेला चकाकता किडा तर नाहीच नाही. आठ वर्षांची पोर ६०० मीटर चढून गेली, साडेतीन तास नेटाने चालली. माथ्यावर तिची पाठ थोपटलीत का? पत्रात तरी 'मुलीमुळे' एवढंच आहे.

आणि ती घसरली ते निष्काळजीपणाने नव्हे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार अडवून धरत असतात. दमलेल्या पायांना ते झेपेनासं होतं, त्यात मागून कुणीतरी घाई करत असेल तर पाय चुकणारच. म्हणजे तुमच्या वेळापत्रकाने तिला पाडलं आणि बोलणीही तिलाच बसली.

तुम्हाला आकड्यांची आवड दिसते, म्हणून एक प्रयोग सांगते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, वर आणखी ३०. मात्र त्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. यातली कुठली खेप पुन्हा चालेल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेली निवडली. त्रास जास्त वेळ झाला, पण सुटताना जरा बरं वाटलं होतं. तुमच्या मुलीच्या वाट्याला शेवटी काय आलं? फुटलेला गुडघा, ओरडा आणि तीन तासांचा अबोला. तिला तीच सहल आठवणार.

मुलगा मात्र गाडीतली रात्र सांगतोय. तुमच्या लेखी तो फसलेला भाग. पण तंबूबरोबर तुमचा बेतही भिजला आणि तेवढे काही तास तुम्ही नुसते बाबा होतात. मी काही वेगळी नाही हो. सूर्योदय दाखवायचा म्हणून एकदा सगळ्या घराला पहाटे चारला उठवून टेकडीवर नेलं. नुसतं धुकं! त्यानंतर मी ज्या सुरात 'चला आता' म्हणाले, त्याची नक्कल आमच्याकडे अजून होते.

तेव्हा तयार कुणाला करू नका. तीन दिवसांचा बेत आधी रद्द करा आणि तसं घरात सांगून टाका. मग मुलीशी एकटीशी बोला. 'मी ओरडलो, चुकलं माझं' एवढंच. त्याला 'पण तू पण' जोडलंत तर न बोललेलं बरं. ती लगेच विरघळेल असं धरून चालू नका.

महिन्या-दोन महिन्यांनी तिनेच विषय काढला तर एका दिवसाचं काहीतरी ठरवा, याच्या निम्म्या चढाचं. पुढे ती चालेल, तिला ओलांडून कुणी जायचं नाही. मुलगा कंटाळेल, ते खरं. त्याच्या हाती नकाशा द्या आणि माथ्याची हौस भागवायला दुसऱ्या एखाद्या दिवशी तुम्ही दोघंच जा. तुमचीही भागेल. परतीची वेळ निघतानाच ठरवा, माथा दिसत असला तरी त्या वेळेला मागे वळायचं. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर घड्याळात काहीही वाजलेले असोत, गाडी गाठायची. घड्याळ मुलीच्या मनगटावर बांधा. आणि उतरल्यावरचे दोन तास कोरे ठेवा, काहीही न ठरवता. ते तुम्हाला सगळ्यात जड जातील.

बायकोला काय वाटतं, ते मी कशाला सांगू? शेजारीच बसलेली असेल, विचारा.

आणि हो, गुडघा आता कसा आहे, ते पत्रात लिहायचं राहिलंय. कळवा.

– ताई