पॉइंटमधलं निकेल म्हणजे भेसळ नव्हे

प्रश्न : विहिरीवरच्या 5 एचपी मोटारीच्या स्टार्टरचे पॉइंट (एकमेकांवर मिटून वीज जोडणाऱ्या टिकल्या) सारखे चिकटतात. रिवाइंडिंगवाला म्हणतो, बाजारच्या पॉइंटच्या चांदीत निकेलची भेसळ असते. सोनाराकडून शुद्ध चांदीच्या टिकल्या करून बसवा. बसवू का? – एक शेतकरी, बार्शी

उत्तर : नका बसवू. मी हे करून बसलोय. शिकाऊ असताना इचलकरंजीतल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये सोनाराकडून टिकल्या आणून डाक देऊन बसवल्या. दिसायला झकास! तिसऱ्या दिवशी लाल बटण दाबलं तरी मोटार थांबेना. मेन स्विच पाडावा लागला.

वीज वाहून नेण्यात चांदी सगळ्या धातूंत पहिली, हे खरं. दहा टक्के निकेल घातलं की रेझिस्टन्स दहा-पंधरा टक्के वाढतो, तेही खरं. पण स्टार्टरचं दुखणं वेगळंच आहे. तुमची मोटार चालताना 7-8 अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या सहापट. त्याच क्षणी पॉइंट मिटताना किंचित उडतात, ठिणगी पडते आणि 961 अंशांना चांदी वितळते. दाबाखाली थिजली की बसलाच सांधा. निकेलला वितळायला 1455 अंश लागतात. त्याचे कण त्या पातळ चांदीतही घट्ट राहतात, त्यामुळे सांधा बसला तरी कच्चा; स्प्रिंग तो तोडून टाकते. शिवाय चांदी मऊ. बारशाची वाटी पडली की पोचा येतो, तीच गत सतत ठोके खाणाऱ्या टिकलीची.

आणि हे मिश्रण सोनाराला मुशीत जमणारही नाही. वितळवलं तरी चांदी आणि निकेल तेल-पाण्यासारखे वेगळे राहतात. म्हणून दोन्हींची भुकटी दाबून भट्टीत भाजतात. (जर्मन सिल्व्हरशी याचा संबंध नाही. तिथे चांदी फक्त नावात!)

आता तुमचं काम. रात्रीच्या पाळीला व्होल्टेज मोजून घ्या. 415 च्या जागी 320 वगैरे निघालं, तर कॉइल (पॉइंट ओढून मिटवणारं विजेचं चुंबक) पूर्ण ओढत नाही, स्टार्टर थरथरतो आणि पॉइंट दर थरथरीला ठिणगी खातात. मग टिकली कशाचीही असो, चिकटणारच. नवे पॉइंट त्याच कंपनीचे घ्या, तिन्ही एकदम, स्प्रिंगांसकट. एखादा नीट मिटला नाही तर मोटार दोन फेजवर चालून जळते. काळे पडले म्हणून पॉलिश पेपर मात्र मारू नका; काळेपणाबरोबर चांदीही जाते.