वाचक विचारतात : पेपर नाही, ग्रिपर वस्तू पाडतो, तरी संमेलनाला जाऊ का?

प्रश्न : नमस्कार सर, मी एमटेक करतेय, विषय ग्रास्पिंग, म्हणजे रोबोटने वस्तू पकडणं. आमच्या भागातल्या काही लॅब मिळून याच विषयावर एक दिवसाचं संमेलन घेतायत. गाइड म्हणतात जा आणि पोस्टर लाव, पण माझा एकही पेपर नाहीये आणि ग्रिपर, म्हणजे रोबोटचा पकडणारा हात, अजून वस्तू पाडतोय, हात दाखवून अवलक्षण कशाला? शिवाय तिथलं काही छापून येत नाही. त्यापेक्षा मोठ्या कॉन्फरन्ससाठी थांबू का?

उत्तर : थांबू नका, जा. आणि वस्तू पडतायत तेच पोस्टरवर लावा. छापून येत नाही ही तुम्हाला उणीव वाटतेय, मला तर तोच अशा संमेलनाचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. मोठ्या कॉन्फरन्सला लोक जमलेलं तेवढंच दाखवतात, व्हिडिओ कापून जोडून आणतात. इथे छापायचं काही नसतं आणि समोरची माणसंही जवळच्याच लॅबची असतात, त्यामुळे चहाच्या वेळी मोकळेपणाने सांगतात की बाबा आमचा हात काळ्या चकचकीत डब्यावर दर वेळी फसतो, कारण डेप्थ कॅमेऱ्याला, म्हणजे वस्तू किती लांब आहे ते मोजणाऱ्या कॅमेऱ्याला, तो डबा धड दिसतच नाही. हे पेपरात शोधून सापडत नाही हो. अमेरिकेत न्यू इंग्लंडमधल्या लॅब मॅनिप्युलेशनवर, म्हणजे रोबोटने वस्तू हाताळण्यावर, असंच छोटं सिम्पोझियम घेतात.

आता तुमच्या ग्रिपरबद्दल. पकड टिकते ती घर्षणावर. बोटाचा जोर संपर्काच्या जागी एका ठराविक कोनाच्या आत राहिला तर वस्तू धरून राहते, बाहेर गेला की सटकते, आणि तो कोन किती मोठा हे घर्षणगुणांकावर ठरतं. कागदावर एवढंच आहे. प्रत्यक्षात कॅमेरा दोन-चार मिलिमीटर चुकतो, वस्तूचं वजन कुठे एकवटलंय ते माहीत नसतं, आणि नेमक्या पकडायच्या क्षणी हातच मधे येऊन कॅमेऱ्यासमोरची वस्तू झाकून टाकतो! माणसाचं तिथे बोटाच्या टोकाच्या स्पर्शावर भागतं. योहान्सन आणि वेस्टलिंग या संशोधकांनी १९८४ साली दाखवलं की आपण वस्तू निसटणार नाही त्यापेक्षा थोडासाच जास्त जोर लावतो आणि जराशी घसरली की विचार करायच्या आत पकड घट्ट करतो. तुमच्या ग्रिपरला हे कळतच नसेल तर तो पाडणारच, त्यात लाज कसली. गूगलच्या लोकांनी २०१६ साली १४ पर्यंत रोबोट हात लावून ८ लाखांच्या वर पकडायचे प्रयत्न केले, तेही चुकांमधूनच शिकवायला.

फक्त पोस्टरवर नुसतं ‘कधीकधी पडते’ असं लिहू नका. कुठली वस्तू, कुठल्या बाजूने धरली, उचलतानाच सटकली की हलवताना, हे वेगवेगळं लिहा. उचलताना सटकली तर बहुतेक वेळा पकडायची जागा चुकलेली असते, हलवताना फिरून पडली तर वजनाच्या मध्यापासून लांब धरलेली असते, आणि जाणकार माणूस एवढं वाचूनच तुम्हाला दुरुस्ती सांगेल.

दुसऱ्यांच्या पोस्टरसमोर एकच प्रश्न विचारा, कुठल्या वस्तू वगळल्या? नव्वद टक्के यश म्हणे, पण कशावर? म्हणून तर २०१५ साली येल, कार्नेगी मेलन आणि बर्कली या विद्यापीठांच्या लोकांनी वायसीबी नावाचा वस्तूंचा संच काढला, सॉसची बाटली, खोका, ड्रिल मशीन अशा ७०च्या वर वस्तू, की सगळ्यांनी त्याच उचलून दाखवाव्यात. तुम्हीही त्यातल्या काही घ्या, नाहीतर तुमचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशेजारी ठेवताच येणार नाहीत.

सीव्हीचं म्हणाल, तर ‘पोस्टर सादर केलं’ अशी एक ओळ लिहा, झालं.

प्रश्न : सक्शनने, म्हणजे हवा खेचून वस्तू कपाला चिकटवून, सगळं उचलता येतं तर रोबोटच्या बोटांच्या मागे एवढे लोक का लागलेत?

उत्तर : सगळं नाही येत, पण प्रश्न चुकीचा नाहीये. २०१५ च्या ॲमेझॉन पिकिंग चॅलेंजमध्ये, म्हणजे रोबोटने शेल्फवरून वस्तू उचलायच्या स्पर्धेत, बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीची टीम जिंकली ती चक्क व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला सक्शन कप लावून, बाकीचे बोटंवाले भारी हात बघत राहिले. स्पर्धेतल्या २५ वस्तूंपैकी एकच त्यांना नीट उचलता येत नव्हती, जाळीचा पेनस्टँड, कारण जाळीतून हवा आत येते आणि पोकळी टिकतच नाही. म्हणजे शेल्फवरून उचलून खोक्यात टाकायचं एवढंच काम असेल तर सक्शन घ्या, उगाच बोटांचा सोस करू नका. पण ड्रिल मशीन उचलून त्याचं बटण दाबायचं, झाकण फिरवायचं, हातातल्या हातात स्क्रू उलटा करायचा असेल तर कप काय करणार? तिथे बोटंच लागतात, आणि अशा संमेलनात निम्मी भांडणं याच हातातल्या हातात फिरवण्यावरून होतात, तेव्हा तो सेशन चुकवू नका आणि पुढच्या रांगेत बसा, छोट्या बोटांची हालचाल मागून दिसत नाही.