प्रमुख गायब, प्रकल्पाच्या किल्ल्या कोणाकडे?

प्रश्न : आमचं बरंचसं काम पायथनच्या एका ओपन सोर्स लायब्ररीवर चालतं. मूळ लेखक आठ महिन्यांपासून मेलला उत्तर देत नाहीत, पुल रिक्वेस्टही (इतरांनी सुचवलेले कोडमधले बदल) बघत नाहीत. सरळ फोर्क (कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प) करावा का?

फोर्क करायला कोणाला विचारावं लागत नाही. एमआयटी, अपाची, जीपीएल, परवाना यांपैकी कुठलाही असो, त्याच्या अटी पाळून कोड पुढे नेण्याचा हक्क तुम्हाला आहेच. घोडं अडतं ते प्रकल्पाचं नाव, पायपीआयवर (पायथन पॅकेजचं सार्वजनिक भांडार) प्रकाशनाचा अधिकार, डोमेन आणि रिलीजवर सही करायची डिजिटल की (किल्ली) यांपाशी. बहुतेक वेळा हे सगळं एकाच माणसाच्या खात्यात असतं.

म्हणून आधी प्रत काढून ठेवा. ‘गिट क्लोन’ला ‘मिरर’ पर्याय दिला की सगळ्या शाखा आणि टॅग येतात, पण इश्यू (नोंदवलेल्या अडचणी) आणि त्यांवरची चर्चा गिटमध्ये नसते. ती एपीआयमधून (प्रोग्रामने माहिती मागायची सोय) वेगळी उतरवावी लागते. विकीचा रेपोही स्वतंत्र असतो. मग गेल्या दोन-तीन वर्षांत मर्ज कोणी केलं, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये कोणी घेतले, ते बघा आणि पायपीआयच्या पानावर मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) म्हणून कोणाची नावं आहेत तेही बघा. पूर्वी कधी तरी अधिकार मिळालेला आणि ते स्वतःच विसरलेला एखादा जुना सहकारी सापडला, तर निम्मं काम तिथेच होतं. हे न करताच लोक फोर्क काढून मोकळे होतात.

कोणीच सापडलं नाही तर पायपीआयकडे नाव मागता येतं. त्याचे नियम ‘पेप ५४१’ या पायथनच्या दस्तऐवजात आहेत. मालकाशी संपर्क होत नाही, बारा महिन्यांत रिलीज नाही आणि प्रकल्पाच्या पानावरही मालकाची हालचाल नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच प्रकल्प सोडून दिलेला मानतात. तेव्हा तुमचे आठ महिने मेलपासून न मोजता शेवटच्या रिलीजपासून मोजा. अर्जात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : तुम्ही संपर्काचे केलेले प्रयत्न (मेलच्या तारखा जपून ठेवा), तुमच्या फोर्कमध्ये झालेली सुधारणा आणि वेगळ्या नावाने का भागत नाही याचं कारण. पायपीआयची माणसं स्वतःही मालकाला किमान तीनदा गाठायचा प्रयत्न करतात आणि सहा आठवड्यांनी थांबतात.

तोवर फोर्क वेगळ्या नावाने चालवा. अवलंबनांच्या (डिपेंडन्सीच्या) यादीत शाखेचं नाव न देता कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या एका बदलाचा, पूर्ण हॅश (ओळखक्रमांक) द्या. एक खोड मात्र हमखास नडते : पॅकेजचं नाव बदललं पण इम्पोर्टचं नाव तेच ठेवलं, तर जुनं आणि नवं एकाच मशीनवर बसल्यावर एकमेकांच्या फायली पुसतात. मग जी चूक दिसते तिचा कोडशी काही संबंध लागत नाही.

प्रश्न : प्रकल्पाचं डोमेन प्रमुखांच्या नावावर आहे आणि मुदत संपत आली आहे. काय करावं?

घाई करा. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या नावांना मुदतीनंतर रजिस्ट्रार (डोमेन नोंदवणारी कंपनी) काही दिवस सवलत देतो, मग ३० दिवस जादा शुल्क भरून मूळ मालकालाच ते सोडवता येतं, नंतरचे ५ दिवस नाव गोठतं आणि मग ते कोणालाही मिळतं. मात्र या दिवसांच्या भरवशावर राहू नका. काही रजिस्ट्रार मुदत संपताच नाव लिलावात काढतात. काही ठिकाणी लॉगिनशिवाय कोणालाही नूतनीकरणाचे पैसे भरता येतात, ते आधी विचारा.

संकेतस्थळ बंद पडेल ही यातली लहान भीती. त्या डोमेनवर प्रमुखांचा मेल असेल, तर नवा मालक पासवर्ड बदलून पॅकेजचं खातंच ताब्यात घेऊ शकतो. २०२२ मध्ये पायपीआयवरच्या ‘सीटीएक्स’ पॅकेजचं असंच झालं. तसा धोका दिसला तर पायपीआयसारख्या पॅकेज-रजिस्ट्रीला कळवून खातं गोठवायची विनंती करा आणि रीडमीतले डाउनलोडचे दुवे दुसरीकडे हलवा. २००९ मध्ये ‘सेंटओएस’ या लिनक्स प्रणालीच्या चमूला हरवलेल्या संस्थापकाला जाहीर पत्र लिहावं लागलं होतं. डोमेन आणि देणग्यांचं खातं दोन्ही त्यांच्याच हातात होतं. पत्रानंतर संस्थापक पुढे आले आणि प्रश्न काही दिवसांत सुटला. सगळ्यांचं नशीब असं नसतं.

प्रश्न : एक अनोळखी पण हुशार प्रोग्रामर सगळं सांभाळायला तयार आहे. अधिकार देऊन टाकावेत का?

एकदम नाही. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ हे जावास्क्रिप्टचं पॅकेज असंच एका अनोळखी हाती गेलं आणि त्यातून बिटकॉइनच्या वॉलेटवर डल्ला मारणारा कोड पसरला. २०२४ मधल्या ‘एक्सझेड’ (फायली दाबून लहान करणारं साधन) प्रकरणात थकलेल्या एकट्या मेंटेनरवर दबाव आणून आधी विश्वास मिळवला गेला. तिथली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : मागचं दार उघडणारी बिल्डची एम-फोर फाइल गिटच्या रेपोत नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (कोडच्या एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये) होती. म्हणून टारबॉल कोणाच्या लॅपटॉपवर बनवू देऊ नका. तो टॅगवरून आपोआप बनू द्या, आणि टॅगमधल्या फायलींशी ताडून बघा. नव्या माणसाला आधी इश्यूंची छाननी करायचा अधिकार द्या, मग मर्जचा, तोही दुसऱ्याच्या तपासणीसह. प्रकाशनाचा अधिकार सगळ्यात शेवटी. खूप घाई करणारा मदतनीस दिसला की जरा थांबाच.

प्रश्न : प्रमुखांचं निधन झालं तर?

गिटहबच्या सेटिंगमध्ये उत्तराधिकारी नेमता येतो. मृत्यूचा दाखला दिल्यावर ७ दिवसांनी, किंवा निधनवार्ता दिल्यास २१ दिवसांनी, त्याला सार्वजनिक रेपो हलवता येतात. खात्यात लॉगिन मात्र मिळत नाही. ‘विम’ या मजकूर-संपादकाचे प्रमुख ब्रॅम मूलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये गेले, पण ख्रिश्चन ब्रॅबांट आधीपासून कामात होते, त्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये ९.१ आवृत्ती आली. संस्थेच्या खात्याला किमान दोन मालक हवेत, ते याचसाठी.

अँड्रॉइड अ‍ॅप असेल तर सहीची की आजच तपासा. ती फक्त प्रमुखांकडे असेल आणि गेली, तर दुसऱ्या कीने सही केलेलं अपडेट फोन स्वीकारत नाही. मग नव्या पॅकेज-नावाने अ‍ॅप काढावं लागतं आणि प्रत्येक वापरकर्त्याला ते मुद्दाम उतरवून घ्यावं लागतं.