खापरपणजोबांचा माग: आधी कोणती पुस्तकं घ्यावीत?

प्रश्न: खापरपणजोबांच्या मागचं घरात कुणालाच सांगता येत नाही. गावची जमीन अजून आमच्याकडे आहे. दप्तरात शोध घ्यायचा आहे. घराण्यांच्या इतिहासाची पुस्तकं घेऊ का?

उत्तर: ती सध्या राहू द्या. त्यांत सरदार आणि इनामदार भेटतात. सारा भरणारा कुणबी भेटतो तो कागदात, आणि तो कागद वाचायला कोश आणि जंत्री, म्हणजे सन-तिथींचं कोष्टक, लागते.

सुरुवात सातबाऱ्यापासून करा. त्यावरचे फेरफार क्रमांक धरून एकेक नोंद मागे जा. वारसनोंदीत मयताचं नाव आणि त्याची मुलं एकाच ठिकाणी मिळतात. मग कडईपत्रक, म्हणजे जमीन कुणाकडे होती त्याची जुनी नोंद, आणि जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. इथवर पुस्तक लागत नाही, पण जुनी पानं मोडीत असतील. मोडी स्वतः शिका. दुसऱ्याकडून वाचून घेतलं की तो त्याला महत्त्वाचं वाटतं तेवढंच सांगतो, आणि आपल्या आजोबांचं नाव त्याला महत्त्वाचं वाटेलच असं नाही.

पहिलं पुस्तक मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, 1857 ची दुसरी आवृत्ती. हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या जमिनीच्या एका जुन्या कागदात ‘गतकूळ’ असा शब्द होता. ते कुणा दुसऱ्या कुळाचं नाव समजून मी ते पान बाजूला ठेवलं आणि वर्षभर त्याच गावात चाचपडत राहिलो. कोश उघडला तेव्हा कळलं की ज्याचा धनी उरला नाही किंवा गाव सोडून गेला, त्या जमिनीला गतकूळ म्हणत. म्हणजे आमची माणसं तिथून उठून गेली होती. त्या दिवशी मला फार भरून आलं. पुढचा शोध शेजारच्या गावांत घेतला आणि तिथे ती सापडली, मिरासदार, म्हणजे वंशपरंपरागत हक्काचे कुणबी म्हणून नव्हे, उपरी, म्हणजे बाहेरून येऊन कसणारे म्हणून.

महसुली शब्दांसाठी विल्सनचा 1855 चा कोश आहे. फारसी शब्दांसाठी माधव जूलियन यांचा 1925 चा फारसी-मराठी कोश. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, एवढं आधीच पाठ करा. ‘राघोजी बिन मानाजी’ एवढ्या तीन शब्दांत एक पिढी मागे जाता येतं.

जंत्रीशिवाय मात्र दप्तरात पाऊल टाकू नका. पेशवाईतल्या कागदांवर बऱ्याचदा सुहूर सन, ही तेव्हाची एक कालगणना, अरबी शब्दांत असतो. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण 1175. त्यात 599 मिळवले की 1774. हे वर्ष मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीला लागतं, म्हणून त्यानंतरच्या जानेवारीचा कागद असेल तर 600 मिळवायचे. चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख, आणि तिथीचा मेळ जंत्रीत बघा. मी एकदा हा 599-600 चा फरक विसरलो आणि बाप मरण्याआधीच मुलाला वारस करून बसलो.

इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादलेले पेशवे दप्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदांचे, 45 खंड मोलाचे आहेत, पण ते निवडक कागद आहेत. सामान्य रयतेसाठी पुण्याच्या पुराभिलेखागारातले मूळ रुमालच, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पाहावे लागतात. तिथे जाताना आडनाव घेऊन जाऊ नका, जुन्या कागदांत ते क्वचितच असतं. गाव, आणि ते ज्या जुन्या महसुली विभागात होतं ती तर्फ आणि परगणा, एका कागदावर लिहून न्या.