मृत्यू, एकटेपण, अस्तित्वाचे प्रश्न: अशा चित्रांसाठी मुंबईत कुठली गॅलरी योग्य?

फोर्टमधल्या केमोल्ड प्रिस्कॉट रोड आणि तार्क या दोन गॅलऱ्यांपासून सुरुवात करा, जहांगीर आर्ट गॅलरी त्यानंतर. मी या भागातली प्रदर्शनं नेमाने पाहतो, त्यावरून सांगतो. जहांगीरमध्ये निवड समितीने अर्ज मान्य केला की हॉल भाड्याने मिळतो, तारखेसाठी बरंच थांबावं लागतं आणि पुढे सगळं तुमच्यावर. तुमच्या चित्रांची बाजू मांडणारं तिथे कुणी नसतं, आणि अशा विषयांना नेमकी त्याचीच गरज असते. केमोल्ड १९६३ साली जहांगीरच्याच इमारतीत सुरू झाली. एकाच चित्रकाराला दशकानुदशकं साथ देण्याची तिची रीत आहे, अतुल दोडियांचं उदाहरण समोर आहे. पण नवख्यासाठी तिथलं दार जड आहे. तार्क त्यामानाने तरुण, २०१४ची, आणि नव्या चित्रकारांकडे जास्त लक्ष देणारी.

गॅलरी पारखायची तर भिंतीवरचा मजकूर वाचा. त्यात चित्रकार कशाशी झगडतोय हे लिहिलंय, की नुसती पारितोषिकांची यादी आहे? मग त्यांच्या चित्रकारांची मागची दोन-तीन प्रदर्शनं बघा: एकच प्रश्न पुढे जाताना दिसला तर तुमची चित्रमालिका तिथे शोभेल.

एक मात्र खरं, न मागता पाठवलेला पोर्टफोलिओ बहुतेक ठिकाणी तसाच पडून राहतो. आधी प्रदर्शनांना जा, ओळख होऊ द्या, मगच एका मालिकेतली दहा-बारा चित्रं दाखवा. जानेवारीतल्या मुंबई गॅलरी वीकेंडला बऱ्याच गॅलऱ्या एका फेरीत पाहून होतात.