गल्लीचं काम आणि छोटं अनुदान

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या पडीक कोपऱ्यात रहिवाशांनी मिळून झाडं लावायची आणि बाकं बसवायची आहेत. छोट्या अनुदानासाठी अर्ज करतोय. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : जागेपासून. ती कोणाच्या मालकीची आहे ते शोधा आणि लेखी परवानगी अर्जाला जोडा. चांगले अर्ज इथेच अडकतात. खोदकामाआधी जमिनीखालून पाण्याची वाहिनी किंवा वीजतार जाते का, तेही विचारून घ्या.

अंदाजपत्रकात वाहतूक, मजुरी आणि साधारण १० टक्के आकस्मिक खर्च धरा. मोठ्या वस्तूंची ३ दरपत्रकं घ्या. श्रमदान बऱ्याच योजनांत तुमचा वाटा म्हणून दाखवता येतं, पण त्यासाठी नाव, तारीख, तास आणि सही असलेली वही हवी. मंजुरीपत्र येण्याआधी केलेला खर्च सहसा नाकारला जातो. काही ठिकाणी पैसे काम झाल्यावर, बिलं पाहूनच मिळतात. मग सुरुवातीची रक्कम कोण घालणार?

रोपांना पहिली २ वर्षं पाणी कोण देणार, हे नावानिशी लिहा. लावणीला सगळे येतात, उन्हाळ्यात कुणी फिरकत नाही, आणि रोपं मरतात ती तेव्हाच.

अनुदान देणाऱ्यांनी अर्जदारांसाठी प्रशिक्षण ठेवलं असेल, तर त्याला किमान दोघं जा. त्यातला एक हिशेब ठेवणारा असूद्या.