एकाच पॅनमधलं क्रीमी चिकन पहिल्यांदा करताना

पहिल्यांदाच करतेयस तर छातीचं नको, मांडीचं बोनलेस चिकन घे. छातीचे तुकडे जरा जास्त शिजले की चिवट होतात. मांडीचे सांभाळून घेतात. अर्धा किलो तिघांना पुरतं.

तुकडे अगदी कोरडे पुसून घे. हे टाळू नकोसच. ओलं चिकन पॅनमध्ये पडलं की परतलं न जाता उकडतं. जाड बुडाचा पॅन तेल घालून चांगला तापव, तुकडे सुटे सुटे मांड आणि तीन-चार मिनिटं हात लावू नकोस. खालची बाजू तांबूस झाली की तुकडा आपोआप सुटतो. चिकटून बसला असेल तर अजून वेळ आहे. दोन्ही बाजू झाल्या की ताटलीत काढ.

बुडाशी जे खरपूस लागलेलं असतं ना, खरी चव तिथे आहे. पॅन धुवायचा नाही! त्यातच कांदा-लसूण परत, अर्धी वाटी पाणी घालून उलथन्याने ते खरवडून घे. मग गाजर-फरसबी, ती अर्धी शिजली की मश्रूम, सिमला मिरची आणि चिकन. मीठ घालून झाकण ठेव. सगळ्यात जाड तुकडा कापून बघ, आत गुलाबी नको.

क्रीम शेवटी. आपल्याकडच्या खोक्यातल्या क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो, खळखळ उकळलं की ते फुटतं. म्हणून गॅस अगदी मंद, आणि दोन मिनिटांत आटप. मिरपूड सढळ हाताने घाल. लिंबू हवंच असेल तर गॅस बंद केल्यावर, थोडंसंच.